नथमल शेठच्या पिस्तुलाची व्यवस्था

मी, भुजंगराव रखमाजी बरसाले, वय वर्षे ७२, धंदा शेती, राहणार कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. गेल्या श्रावणात माझ्या छातीत स्प्रिंग टाकली आहे. तिचा डोक्याशी काही संबंध नाही, असे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. तो दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी सौ. पुष्पाबाई शेजारच्या खोलीत ज्वारी निवडत आहेत. अक्षर मोठे काढा, एवढाच त्यांचा आग्रह आहे.

यापूर्वी सन २०१६ मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात शहागडच्या प्रसंगाबद्दल जे लिहिले ते खोटे आहे. ते मृत्युपत्र रद्द समजावे. त्याची झेरॉक्स माझा मुलगा हरिओम याच्या कपाटात आहे, ती पाणी तापवायच्या बंबात घालावी.

कलम १. राहते घर पुष्पाबाईंच्या हयातीपर्यंत त्यांचे. त्यांच्यानंतर हरिओम आणि मुलगी साधना यांचे, निम्मे निम्मे. बँकेत जे काही आहे ते सगळे पुष्पाबाईंचे. त्याचे काय करायचे हे त्यांना कोणी विचारू नये.

कलम २. गट क्रमांक २१४ मधील माझी सात एकर जमीन. पैकी चार एकर मोसंबी, बाकी कापूस. १९९४ साली माझी आणि धाकटा भाऊ सोमेश्वर याची वाटणी झाली तेव्हा ही माझ्याकडे आली. वाटणी एका सकाळी झाली, भांडण झाले नाही. ही जमीनही हरिओम आणि साधना यांना निम्मी निम्मी, परंतु हरिओमच्या हिश्श्याला एक अट आहे. ती कलम ५ मध्ये येईल. साधनाने भावासाठी हक्कसोड करून द्यावी असे ज्याला वाटेल त्याने आधी बागेला एक उन्हाळा पाणी घालून दाखवावे, मग तिच्याशी बोलावे.

कलम ३. कलमे बांधायचा चाकू साधनाला. ती बारा वर्षांची असताना खुंटावर कलमाचा डोळा माझ्यापेक्षा सुबक भरायची. फवारणीचा पंप आणि ठिबकचे सामान हरिओमला, त्याचे घनसावंगीत पाइपांचे दुकान आहेच.

कलम ४. पिस्तूल.

वकील म्हणाले की एका कलमात एकच विषय असावा. या कलमात एकच विषय आहे.

माझ्या नावावर परवान्याचे एक पिस्तूल आहे. बत्तीस बोअरचे, परदेशी बनावटीचे, जाणकार ज्याला डबल अ‍ॅक्शन म्हणतात. म्हणजे असे की, घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारी मागची हातोडी, खाली असताना चाप ओढला तर तोच चाप आधी घोडा उचलतो आणि मग सोडतो. म्हणून पहिली ओढ लांब आणि जड. एकदा गोळी सुटली की घोडा आपोआप उठून बसतो, त्यामुळे दुसरी ओढ इतकी हलकी की शिंक आली तरी पुरते. वारसांनी हे दोनदा वाचावे. पुढे जे झाले त्यात या रचनेचा हात आहे, जरी मुख्य हात माझा असला तरी.

पिस्तूल मूळचे परतूरच्या नथमल शेठचे. मोंढ्यात त्यांचा कापसाचा आणि भुसाराचा व्यापार. आमचा कापूस वडिलांच्या वेळेपासून त्यांच्याकडे. घराणे जैन, दिवेलागणीनंतर जेवायचे नाही, पाणी गाळून प्यायचे, आणि गादीवर मात्र वडिलांकडून आलेले पिस्तूल. शेठ ते पावत्यांवर वजन म्हणून ठेवत. पंख्याने पावती फडफडली की पिस्तूल जरा सरकवीत. मी तीस वर्षे समोर बसून ते पाहिले. माणसाने काय पाहून वेडे व्हावे याचा कायदा नाही.

सन २००५ च्या चातुर्मासात शेठच्या पत्नी लाडबाईंनी नियम घेतला, की घरातून हत्यार जात नाही तोवर तूप खाणार नाही. लाडबाई वाळू लागल्या. शेठनी मला विचारले. मी हो म्हणालो. चहा झाल्यावर त्यांनी पिस्तूल माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "भुजंगराव, चाळीस वर्सांत मी याचा चाप एकदा बी ओढला न्हाई. म्हणून माझा अनुभव एकदम बढिया आहे."

मी पिस्तूल घेतले. अनुभव तिथेच ठेवून आलो.

अर्थात परवाना मिळेपर्यंत ते त्यांच्याच गादीवर राहिले. परवान्याच्या चौकशीत प्रश्न होता की तुमच्या जिवाला कोणापासून धोका आहे. मला कोणापासूनच धोका नव्हता. चौकशीला आलेले हवालदार म्हणाले की नावाशिवाय कागद पुढे सरकत नाही. त्यांचे म्हणणे बरोबर होते. धोका नसेल तर पिस्तूल कशाला? मी पंधरा दिवस गावात फिरून धोका शोधला. आमचे रामकिसन टेलर यांना विचारले. ते म्हणाले, पुढल्या महिन्यात पोरीचं लग्न आहे, नंतर असेल तर बघू. शेवटी सोमेश्वरकडे गेलो.

सोमेश्वर माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. तो जेवत होता. मी सांगितले. त्याने घास गिळला आणि विचारले, "किती दिवसांसाठी?"

मी म्हणालो, कागद मंजूर होईपर्यंत. त्याने हात धुतले आणि स्वतःच्या अक्षरात लिहून दिले की, बांधाच्या वादावरून मी माझा सख्खा भाऊ भुजंग यास जिवे मारण्याची धमकी दिली आहे व पुढेही देण्याचा इरादा आहे. इराद्याचे मी सांगितले नव्हते. ते त्याने आपल्या मनाने घातले. कागद भक्कम पाहिजे, असे तो म्हणाला. बांधाचा वाद कधीच नव्हता. बांधावर एक बोर होती आणि तिची बोरे दोन्ही घरची पोरे खात.

सात महिन्यांनी परवाना आला आणि पिस्तूल घरी आले. पहिल्याच दिवशी मी घोडा उठवून पाहिला, मॅगझिन भरून घातले, आणि ठेवताना सेफ्टीचा खटका खाली केला. या पिस्तुलात असे आहे की खटका खाली केला की उठलेला घोडा आपटतो, पण गोळी सुटत नाही. हे मला ठाऊक नव्हते. खट्ट झाले. आपण मेलो असे समजून मी खाली बसलो. पुष्पाबाई आल्या, त्यांनी मला पुढून मागून तपासले, भोक सापडले नाही. जाताना म्हणाल्या की तुमच्यापायी तव्यावरची भाकर करपली.

दुसरी अडचण माझ्या बोटाची. लहानपणी कडबा तोडताना उजव्या हाताची तर्जनी कापली गेली होती, ती तेव्हापासून पुरती वळत नाही. पहिली ओढ तिला झेपेना. मी रिकाम्या पिस्तुलावर महिनाभर सराव केला, चाप अर्ध्यात जाऊन परत यायचा. पुष्पाबाई चाळीस वर्षे दोन म्हशींची धार काढत आल्या आहेत. त्यांनी एकदा माझ्या हातातून ते घेतले आणि सहा वेळा लागोपाठ चाप ओढून परत दिले. म्हणाल्या, "एवढंच व्हय?" मी त्यांना सांगितले की परवाना माझ्या नावावर आहे, तुम्ही हात लावणे गुन्हा आहे. त्यांनी हात पदराला पुसला.

मग मी औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, नेमबाजीच्या मैदानावर गेलो. पहिली गोळी निघेना. दोन बोटे घालून ओढली तेव्हा निघाली, आणि तिच्या धक्क्याने दुसरी आपणहून निघाली. मास्तरांनी मला खुर्ची दिली, पिस्तूल रिकामे केले आणि सांगितले की काका, घरी ठेवा, शोभेला छान आहे. त्या मास्तरांचा राग मी पुष्कळ वर्षे सांभाळला. आता विचार करता त्यांचे बरोबर होते. तो राग मी कोणालाही वारसाहक्काने देत नाही.

पुढे निवडणुका. निवडणूक लागली की परवान्याचे हत्यार ठाण्यात जमा करावे लागते. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत. एक जमा करून आणावे तर दुसरी लागायची. अठरा वर्षांत पिस्तूल माझ्या घरी कमी आणि ठाण्याच्या मालखान्यात जास्त राहिले. लेक सासरहून येते तसे दिवाळीला चार दिवस घरी येई. मी तेलाची बाटली सोबत देत असे. एक भले हवालदार होते, ते अधूनमधून पुसून ठेवत.

आणि निवडणूक लागली की सोमेश्वरलाही बोलावणे येई. सोमेश्वर कागदावर धोका होता ना. त्याला तहसीलला जाऊन शांततेने वागेन असा बाँड द्यावा लागे. म्हणजे एकाच दिवशी माझे पिस्तूल ठाण्यात आणि माझा भाऊ तहसीलला. दोघांना मीच मोटारसायकलवर नेई. घनसावंगीच्या कचेऱ्या दिसू लागायच्या आत सोमेश्वरला उतरवत असे, कारण आम्ही एकमेकांशी बोलत नाही असे कागदावर होते. तो उरलेला रस्ता पायी यायचा. परत येताना त्याच ठिकाणी उभा असायचा.

परवान्याच्या प्रत्येक नूतनीकरणाला प्रश्न यायचा, धोका कायम आहे काय. मी लिहीत असे, कायम आहे. सोमेश्वर विचारायचा, दादा, अजून किती? मी म्हणायचो, एवढी एक खेप. सन २०१२ मध्ये गावच्या तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षाची जागा निघाली. त्याने अर्ज केला होता. त्याच्यासारखा माणूस त्या जागेला गावात दुसरा नव्हता, हे आजही कोणी सांगेल. चारित्र्याचा दाखला मिळाला नाही. त्याने मला काही सांगितले नाही. मला पुष्पाबाईंकडून कळले. मी त्या दिवशी जेवलो आणि झोपलो.

आता शहागड.

मे २०१४. गेवराईकडचे एक लग्न उरकून मी आणि पुष्पाबाई आमच्या जुन्या मारुतीने दुपारी परत येत होतो. निकाल लागून निवडणूक नुकतीच सरली होती, पिस्तूल दोनच दिवसांपूर्वी मालखान्यातून सुटून कमरेला आले होते. शहागडला गोदावरीचा पूल ओलांडल्यावर गाडी तापली, म्हणून एका ढाब्याच्या अलीकडे उभी केली. मोटारसायकलवर दोन जण आले. एकाने पुष्पाबाईंच्या गळ्यातल्या पोतीला हात घातला.

मी पिस्तूल काढले. दोघे थांबले. मी चाप ओढला, तो हललाच नाही. पुन्हा ओढला. तेव्हा त्यांतला जो बुटका होता तो म्हणाला, "काका, आधी खटका वर घ्या."

मी सवयीने बरं म्हणालो आणि खटका वर घेतला. मग ओढले, तर अर्ध्यात बोट अडकले. दोन बोटे घातली. घामाने घसरली. ते दोघे बघत उभे राहिले. पळावे की थांबावे हे त्यांना कळेना, आणि खरे सांगायचे तर मलाही त्यांना काय सांगावे ते कळेना. शेवटी पुष्पाबाई म्हणाल्या, "आणा इकडं."

त्यांनी पिस्तूल घेतले आणि ओढले. पहिली गोळी आमच्याच गाडीच्या बोनेटमध्ये गेली. दुसरी आपणहून सुटली आणि ढाब्याच्या शुद्ध शाकाहारी या पाटीतल्या 'शा'मधून आरपार गेली. कोणाला लागले नाही. त्याच वेळी रस्त्यापलीकडून सोमेश्वर धावत आला. तो तिथे टेम्पोतून मोसंबी घेऊन आला होता, त्याने आमची गाडी ओळखली होती. हातात चाक खोलायची लोखंडी टॉमी. त्याला पाहून ते दोघे मोटारसायकल टाकून उसात पळाले. सोमेश्वरने मला धरून सावलीत बसवले आणि पाणी पाजले. पिस्तूल त्याने पुष्पाबाईंच्या हातातून काढून माझ्या हातात दिले. हे मी देवाला साक्ष ठेवून लिहितो.

मग पोलीस आले. गोळ्या कोणी झाडल्या, तर मी झाडल्या असे मी सांगितले. पुष्पाबाईंना आधीच बजावून ठेवले होते की तुम्ही एक शब्द बोललात तर तुम्हाला बेड्या पडतील. परवाना पाहून त्यांनी आमच्या ठाण्यात फोन लावला. तिकडून माझ्या फाइलमधले वाचून दाखवण्यात आले. साहेबांनी टॉमी घेऊन उभ्या असलेल्या सोमेश्वरकडे बोट केले आणि मला विचारले, "तुमच्या जिवाला ज्याच्यापासून धोका आहे तो सोमेश्वर रखमाजी बरसाले हाच का?"

मला दोन रस्ते होते. तो कागद खोटा आहे म्हणालो असतो तर परवाना गेला असता, आणि खोटी माहिती दिली म्हणून मीच अडकलो असतो. सोमेश्वर माझ्याकडे बघत होता. त्याला वाटले मी सांगणार.

मी म्हणालो, "होय, हाच."

उत्तर कागदाला धरून होते. सोमेश्वरने टॉमी खाली ठेवली. त्याला तीन दिवस आत ठेवले आणि दरोडेखोरांना फितूर असल्याची केस त्याच्यावर पाच वर्षे चालली. त्याच वर्षी गावाने शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार केला. सत्कारात मी दहा मिनिटे बोललो. पुष्पाबाई आल्या नव्हत्या. २०१९ साली त्यांनी मला न विचारता कोर्टात जाऊन साक्ष दिली, की दीर आम्हाला वाचवायला आल्ते, आणि सोमेश्वर सुटला. गोळ्या कोणी झाडल्या हे तिथे त्यांना कोणी विचारलेच नाही.

तेव्हा या लेखाने जाहीर करतो की शहागडला झाडलेल्या दोन्ही गोळ्या सौ. पुष्पाबाई यांच्या आहेत, आणि सत्काराची शाल त्यांची आहे. हे वाक्य काढा, त्या अडचणीत येतील, असे वकिलांनी दोनदा सांगितले. मी पुष्पाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, राहू द्या, मला काय आता तंटामुक्तीचं अध्यक्ष व्हायचंय?

ज्या बुटक्या माणसाने मला खटक्याचे सांगितले तो पुढे कधी सापडला नाही. तो कधी येऊन ओळख देईल तर त्याला मोसंबीचे एक कॅरेट द्यावे. त्या दुपारी तिथे खरे बोलणारा तो एकटाच होता.

कलम ५. हरिओमच्या हिश्श्याची अट.

स्प्रिंग टाकून घरी आल्यावर मी मुलांना विचारले की माझ्यामागे पिस्तुलाचे काय करायचे. साधना म्हणाली, विहिरीत टाका. तसे करणे गुन्हा आहे. हरिओम म्हणाला, माझ्या नावावर करून घेतो. वारसाला नव्याने अर्ज करावा लागतो आणि धोक्याचे नाव त्यालाही द्यावे लागेल, असे मी त्याला सांगितले. तो मोबाइल बघत होता. वर न बघता म्हणाला, "अण्णा, त्याला काय, रामप्रसादचं लिहू की."

रामप्रसाद म्हणजे सोमेश्वरचा मुलगा. हे दोघे एका शाळेत, एका डब्यात जेवलेले. हरिओमच्या बोलण्यात राग नव्हता, हीच माझी भीती आहे. मी सोमेश्वरचे नाव लिहिले तेव्हा माझ्याही मनात राग नव्हता.

म्हणून हरिओमने कधीही शस्त्र परवान्यासाठी अर्ज करू नये. त्याने अर्जात रामप्रसाद सोमेश्वर बरसाले याचे नाव धोका म्हणून लिहिल्यास हरिओमचा जमिनीतील संपूर्ण हिस्सा त्या दिवसापासून रामप्रसादचा होईल. म्हणजे निदान वादाला खरी जमीन तरी असेल.

कलम ६. सोमेश्वर.

सोमेश्वर रखमाजी बरसाले याच्यापासून माझ्या जिवाला कधीही धोका नव्हता. २००५ चा कागद मी मागून लिहून घेतला. त्यानंतर प्रत्येक नूतनीकरणाला मी खोटे लिहिले. तशा शपथपत्राची प्रत सोबत आहे. ती प्रत घेऊन सोमेश्वरचे नाव पोलीस दप्तरातून निघेपर्यंत खेटे घालणे हे हरिओमचे काम आहे. मी हयातीतच ती दाखल करायला गेलो होतो. निवडणूक झाल्यावर या, असे सांगण्यात आले. पिस्तूलही कायमचे सरकारजमा करा म्हणालो. त्यावर कळले की ते सध्या आचारसंहितेमुळे तात्पुरते जमा आहे, आणि तात्पुरते जमा असलेले कायमचे जमा करता येत नाही. आधी घरी न्यावे लागेल, मग परत आणावे लागेल. मी मध्येच गेलो तर पिस्तुलाचा हा शेवटचा प्रवास ठाण्याकडूनच ठाण्यापर्यंत व्हावा, माझ्या घरावरून नको. उरलेल्या एकोणीस गोळ्याही सोबत जमा कराव्यात.

बागेतला एक एकर सोमेश्वरला द्यायचे मी ठरवले होते. दसरा झाल्यावर या मृत्युपत्राचा कच्चा कागद घेऊन त्याच्या घरी गेलो. शहागडनंतर दहा वर्षांत त्याने माझ्याशी एक शब्द बोललेला नव्हता. तो ओसरीत बाजेवर बसला होता. ये म्हणाला नाही, बस म्हणाला नाही. मी उभ्यानेच सगळा कागद वाचून दाखवला. त्याच्या सुनेने पाणी आणून ठेवले. वाचून झाले तेव्हा तो म्हणाला, "एकर नको. पोरांत भांडण लावू नको."

मी विचारले, मंग काय पाहिजे? तो म्हणाला, "तू मेल्यावर हे कागद कोण वाचणार? हरिओम आन वकील. मला आत नेलं ते समद्या शहागडनं बघितलं, समद्या पिंपळगावनं ऐकलं. बाजारात बोल."

पुढच्या आठवडी बाजाराला मी गेलो. बाजारात मोठ्याने बोलायची माझ्याकडे काही सोय नव्हती. उंदीर मारायचे औषध विकणाऱ्याची एक रिक्षा होती, तिच्यावर भोंगा होता. त्याला विनंती केली. त्याने आधी स्वतःची एक फेरी पुरी केली, मग माइक दिला. माझे बोट त्याच्या बटणावरही वळेना, म्हणून बटण त्यानेच दाबून धरले. मी म्हणालो:

"मी भुजंग रखमाजी बरसाले. सोमेश्वर माझा धाकटा भाऊ. त्यानं मला कधी धमकी दिली न्हाई. तो कागद मीच लिहून घेतल्ता, पिस्तुलासाठी. शहागडला तो मला वाचवायला आल्ता, आन मी त्याला आत घालवलं. गोळ्या बी मी मारल्या न्हाईत. एवढंच."

मग एका बाईने विचारले की पुडी केवढ्याला. औषधवाल्याने माइक काढून घेतला आणि उत्तर दिले.

तेवढ्यात निवडणुकीचे भरारी पथक आले. दोन अधिकारी आणि एक कॅमेरावाला, त्याने लांबूनच माझे बोलणे टिपले होते. प्रचाराची परवानगी आहे का, पक्ष कोणता, चिन्ह कोणते, असे त्यांनी मला विचारले. मी म्हणालो प्रचार नाही. त्यांनी चित्रीकरण पुन्हा ऐकले आणि उमेदवाराच्या रकान्यात सोमेश्वरचे नाव लिहिले. मग सोमेश्वरला शोधू लागले. शोधावे लागले नाही. तो लसूणवालीच्या पालामागे पिशवी घेऊन उभा होता, पहिल्या शब्दापासून. पुढे आला. साहेबांनी विचारले की ही सभा तुमच्यासाठी होती का.

सोमेश्वर म्हणाला, "सभा न्हाई साहेब. माफी आहे. मीच मागितल्ती."

साहेबांनी पुष्कळ वेळ कागद चाळला. याला रकाना नाही, असे ते म्हणाले. तासाभराने दोघांच्या सह्या घेऊन आम्हाला सोडले. औषधवाल्यालाही सोडले, पण त्याचा भोंगा काढून ठेवला. तो त्याला हरिओमने सोडवून आणून दिला आहे.

घरी परत येताना सोमेश्वर आणि मी एकाच रस्त्याने चाललो, कारण रस्ता एकच आहे. मारुतीच्या पारापर्यंत तो दोन पावले पुढे होता. तिथे म्हणाला, "आवाज बारीक झालाय तुझा." मी म्हणालो, हो. तो आपल्या गल्लीला वळला.

तेव्हापासून तो सकाळी बागेत येतो. पाणी कमी देता, आळी उथळ केलीत, पानांवर कोळी पडलाय, असे तीनचार दोष काढून जातो. बसत नाही. दिवाळीत त्याच्या घरून फराळाचे ताट आले, आमच्याकडून भरून परत गेले. पुष्पाबाई म्हणतात, एवढ्यावर समाधान माना. मी मानतो.

कलम ७. शेवटचे.

माझे दहन माझ्या शेतात करावे, विहिरीच्या वरच्या अंगाला. तेराव्याला भाषण नको. कोणी शहागडचा विषय काढलाच तर तो पुष्पाबाईंना सांगू द्यावा, त्या थोडक्यात सांगतात.

माझ्या मरणाचा सांगावा सर्वांच्या आधी सोमेश्वरकडे जावा, पाहुण्यांच्याही आधी, साधनाच्याही आधी. फोनवर सांगू नये. हरिओमने स्वतः चालत जावे, दोनशे पावले आहेत. घाई करू नये. तो जेवत असेल तर ओसरीत बसून राहावे. त्याचे जेवण होऊ द्यावे, मग सांगावे.

वर लिहिलेले सगळे मी स्वतः लिहिले, दोन वेळा वाचले आणि एकदा पुष्पाबाईंना वाचून दाखवले. खाडाखोड तीन ठिकाणी आहे, तिथे माझी सही आहे. माझ्यामागे याचा अंमल साधनाने करावा. खालील दोघा साक्षीदारांना यातून काहीही मिळायचे नाही, हे त्यांना माहीत आहे. त्यांच्यासमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केल्या.

सही: भुजंगराव रखमाजी बरसाले

साक्षीदार १: रामकिसन टेलर, राहणार कुंभार पिंपळगाव

साक्षीदार २: कारभारी गुरुजी, निवृत्त शिक्षक, राहणार कुंभार पिंपळगाव

ठिकाण: कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना

दिनांक: ६ नोव्हेंबर २०२४, बुधवार